चार पिढ्यांची कोकणातली कादंबरी बांधायची कशी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. देवगड तालुक्यातलं घर. पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईला गिरणीत लागले. आजोबाही गिरणीतच, १९८२च्या संपानंतर गावी परतले. आजोबांचे धाकटे भाऊ १९४६ साली बोटीवर खलाशी म्हणून गेले ते आलेच नाहीत, पण त्यांचं नाव आजही सातबाऱ्यावर आहे. वडिलांची उमेदीची वर्षं कुवेतमध्ये गेली. तुम्ही पुण्यात. हाताशी चाळीस तासांचं रेकॉर्डिंग आहे, तीनशे पानं लिहून झाली आहेत आणि ती वाचताना तुम्हालाच ‘घराण्याच्या अहवालासारखी’ वाटतात. तुम्ही विचारलंय की चार पिढ्या एका कादंबरीत बांधायच्या कशा. आणि दुसरं असं की, पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाला परागंदा, हद्दपार असले जड शब्द लावणं शोभतं का.

मी तीस वर्षं कादंबऱ्या लिहिते आहे. त्यातल्या दोन अशाच, विजयदुर्गच्या खाडीकाठच्या माणसांच्या. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

गाव सुटण्याला आपल्या भाषेत एकच शब्द नाही, हे लिहिणाऱ्याचं भाग्य समजा. चाकरमानी म्हणजे जो गेला, पण ज्याची जागा घरात राखलेली आहे. चतुर्थीला त्याचं पान वाढलं जातं, शिमग्याला पालखी नाचवायला त्याचा खांदा धरलेला असतो, आणि देवळात गाऱ्हाणं घालताना ‘जो मुंबैक असा तेचीय राखण कर रे म्हाराजा’ असं म्हटल्यावर सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. परागंदा म्हणजे जो कर्जाला, साऱ्याला किंवा गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या जाचाला कंटाळून रातोरात गेला आणि ज्याला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. देशोधडीला लागलेल्याचं मागे काहीच राहिलेलं नसतं. हद्दपार झालेल्याच्या आड सरकारचा हुकूम असतो. किती मैल लांब गेला यावर यातला कुठलाच शब्द ठरत नाही. परत येण्याची वाट किती उघडी आहे, यावर ठरतो.

आपल्या किनाऱ्यावर तर खरोखरीचा हद्दपार राजा राहून गेला. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशातलं मंडालेचं राज्य घेतलं, थिबा राजाला आधी मद्रासला आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षांनी, १९१६च्या डिसेंबरात, तो तिथेच गेला. राणी सुपयालत १९१९मध्ये रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र ब्रह्मदेशात जाऊन पुन्हा रत्नागिरीलाच आली, आणि तिची मुलगी इथेच मराठी बोलत म्हातारी झाली. राजाला परतायचं होतं तर हुकूम नव्हता. मुलीला हुकूम मिळाला तर तिला तिकडे करमेना. नातीला परतण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिघांचा वियोग तीन जातींचा आहे. मी जेव्हा जेव्हा रत्नागिरीतल्या त्याच्या वाड्यापाशी उभी राहून भाट्याच्या खाडीकडे बघते, तेव्हा मला राजापेक्षा ती नात जास्त आठवते.

उलटं उदाहरणही शेजारीच आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यातले बेने इस्रायली ज्यू. गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचा, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. आडनावं पेणकर, नवगावकर. १९४८नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. धर्माने पाहिलं तर ते दोन हजार वर्षांनी घरी परतले होते, आणि तिथे जाऊन त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. घर कुठलं आणि परदेश कुठला, हे एकाच माणसाच्या आयुष्यात असं उलटं होऊ शकतं.

तेव्हा तीनशे पानं पुन्हा हातात घ्या आणि प्रत्येक पिढीपुढे समासात एवढंच लिहा: याला परत का येता आलं नाही? आला असेल तर काय गमावून आला? तुमच्या कादंबरीत सध्या प्रत्येक पिढी ‘का गेली’ हे सविस्तर आहे. ते सगळ्यांचं सारखंच निघतं. जमीन थोडी, तोंडं फार, पाऊस चार महिन्यांचा आणि भात पुरतं सहा महिने. म्हणून ती पानं अहवालासारखी वाटतात. परतीची अडचण मात्र दर पिढीची वेगळी असते, आणि कथा तिथून सुरू होते.

हे मला शिकवलं ते माझ्याच एका चुकीनं. पहिल्या कादंबरीच्या खर्ड्यात मी १९३०च्या दशकातला एक प्रसंग लिहिला होता. आषाढात गावाहून तार येते, आई गेली. मुलगा गिरणीतून निघतो, भाऊच्या धक्क्यावर बोट पकडतो आणि दुसऱ्या दिवशी विजयदुर्गला उतरतो. बोटीचं वर्णन मी अगदी जीव ओतून केलं होतं. वारा, उलट्या, डेकवर पसरलेल्या वळकट्या. तो खर्डा मी वाडीतल्या एका म्हाताऱ्या खलाशाला वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, “बाय, आषाढात बोट खंयची?” कोकण किनाऱ्याच्या बोटी मे अखेरीस बंद व्हायच्या आणि पावसाळा सरल्यावर सुरू व्हायच्या. हे मला ठाऊक होतं, आजीकडून शंभरदा ऐकलं होतं, तरी लिहिताना सुटलं. तुम्हीही रामदास बोटीचा प्रसंग घेतला आहे म्हणून सांगते: १७ जुलै १९४७ला ती बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, ती भर पावसात चालू होती कारण ती मुंबईहून समोरच्या रेवसला जाणारी होती. देवगड-विजयदुर्गाकडची माणसं त्या दिवसांत तिच्यातून गावी येत नव्हती. तुमच्या पणजोबांचा मित्र त्या बोटीतून देवगडला निघाला होता, हे तेवढं दुरुस्त करा.

माझ्या प्रसंगाचं पुढे काय झालं ते महत्त्वाचं. बोट नाही म्हटल्यावर त्या मुलाला रेल्वेनं कोल्हापूर गाठावं लागलं. तिथून मिळेल त्या गाडीनं, न मिळेल तिथे पायी, फोंड्याचा घाट उतरावा लागला. ओढ्याला पाणी आलं म्हणून एक रात्र कुणाच्या तरी पडवीत काढावी लागली. घरी पोचला तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता आणि धाकट्या भावाच्या डोक्याचे केस उतरलेले होते. आईला अग्नी कुणी दिला, यावरून दोन भावांत जी अढी बसली ती पुढच्या दोन पिढ्या पुरली. माझ्या कादंबरीचा कणा मला असा मिळाला, बोटीच्या बंद असण्यातून. मुंबई ते विजयदुर्ग हे अंतर वर्षातले आठ महिने एका रात्रीचं होतं आणि चार महिने तीन-चार दिवसांचं. चाकरमानी चार महिने अक्षरशः हद्दपार असायचा.

तुमच्या प्रत्येक पिढीसाठी ही गोष्ट काढा. पणजोबांच्या काळी ऋतू आडवा येत होता आणि गिरणीतली बदलीची नोकरी: रजा घेतली की जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, दुसऱ्याला साच्यावर उभा करणार. वडिलांच्या काळी विमान होतं, पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि दोन वर्षांचा करार. मग २ ऑगस्ट १९९० उजाडला, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि परतायचं नव्हतं तेव्हा परतावं लागलं, बँकेतले दिनार तिथेच सोडून. तुमच्या स्वतःच्या पिढीला आडवं काहीच नाही. २६ जानेवारी १९९८पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे. तरी तुम्ही वर्षातून पाच दिवस जाता. ते प्रकरण तुम्ही सगळ्यात घाईनं उरकलंय. मला वाटतं ते सगळ्यात अवघड आहे, कारण तिथे दोष द्यायला ना पाऊस आहे ना मालक.

आता तुमच्या त्या सातबाऱ्यावरच्या माणसाकडे येते. माझ्या मते तुमची कादंबरी त्यांची आहे आणि तुम्ही त्यांना दीड पान दिलंय.

विचार करा. १९४६ साली गेलेला माणूस. सात वर्षं काही खबर नसेल तर कायदा तो वारला असं धरून चालतो. धर्मशास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. म्हणजे १९५३ साली तो कोर्टाच्या दृष्टीनं मेला असता आणि १९५८ साली भटजींच्या दृष्टीनं. तुमच्या घरात दोन्ही झालं नाही. तुम्ही लिहिलंय की पणजीनं पुतळा करू दिला नाही. आणि मृत्यूची नोंद नाही म्हणून फेरफार नाही, फेरफार नाही म्हणून नाव तसंच. आज त्या उताऱ्यावर त्रेचाळीस नावं आहेत, त्यातली बरीच माणसं हयात नाहीत, आणि या एका नावामुळे वाटप अडून बसलंय म्हणून तुमचे चुलते एकमेकांशी बोलत नाहीत. एका आईनं मुलगा मेला असं म्हणायला नकार दिला, त्याची सावली सत्तर-ऐंशी वर्षं जमिनीवर पडून आहे. अहो, हेच तर महाकाव्य आहे! चार पिढ्यांना बांधणारी दोरी तुम्ही शोधत होतात, ती तलाठ्याच्या दप्तरात आहे.

तहसील कार्यालयात जाऊन जुने फेरफार काढा. सातबारा आज काय आहे तेवढंच सांगतो, फेरफार मात्र तो तसा का झाला ते सांगतो. कुणाचं नाव कधी चढलं, बहिणींनी हक्क कधी सोडला, कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७नंतर कोणतं शेत कुणाकडे गेलं. गाव नमुना चौदामध्ये जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात, कुठे कुठे मोडीत. एखादी ओळ अशी सापडते की तिच्यावर पन्नास पानं उभी राहतात. माझ्या दुसऱ्या कादंबरीत १९४३ ते १९५७ या चौदा वर्षांबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही. एक फेरफाराची नोंद जशीच्या तशी दिली आणि पुढचं प्रकरण सुरू केलं. वाचकाला त्या नोंदीतल्या तीन नावांमागचं भांडण बरोबर कळलं. प्रत्येक पिढीला पंचाहत्तर पानं हा जो हिशेब तुम्ही धरला आहे तो सोडून द्या. एखादी पिढी दोन ओळींत जाऊ दे.

१९८२ मात्र दोन ओळींत घालवू नका. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. मुंबईतलं चित्रही लोकांना माहीत आहे. गावातलं चित्र कमी लिहिलं गेलंय. आमच्या वाडीत असे एक आजोबा परत आले. पस्तीस वर्षं रातपाळी केलेला माणूस. रात्री दोन वाजता त्यांचे डोळे टक्क उघडे. अंगणातल्या खळ्यात येऊन बसायचे, तंबाखू मळायचे, आणि पहाटे चुलीचा धूर निघाला की झोपायला जायचे. भावजया म्हणायच्या, दिवसा झोपणारा पुरुष घरात बरा नव्हे. नांगर धरता येत नाही, माडावर चढता येत नाही, कलमांची फवारणी ठाऊक नाही. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा माणसं पाळीपाळीनं एकाच वळकटीवर झोपायची, तिथे त्यांची ट्रंक ठेवायची जागा ठरलेली होती. इथे चौसोपी घरात त्यांची ट्रंक तीनदा हलली. आधी माजघरात, मग पडवीत, शेवटी घराबाहेरच्या मांगरात. आयुष्यभर ज्या घराला मनीऑर्डर पाठवून उभं ठेवलं, त्याच घरात तो पाहुणा झाला. परागंदा शब्द वापरू का असं विचारता ना? मुंबईला गेलेल्या तरुण आजोबांना नका वापरू. गावी परतलेल्या म्हाताऱ्या आजोबांना वापरा.

एक गोष्ट स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या तीनशे पानांत गाव फार गोड आहे. तुमचं घर खोताचं नव्हतं आणि अगदी शेवटचंही नव्हतं, म्हणून तुमच्या माणसांना ओढ परवडली. ज्या कुळानं वेठ काढली त्याला मुंबई म्हणजे सुटका होती. खोती मोडायचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं, त्याआधी १९३३पासून अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली सहा वर्षं जमिनी न कसता संप चालवला, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तुमच्या वाडीच्या खालच्या अंगाला जी घरं होती तिथून गेलेली माणसं गणपतीला का येत नाहीत, हे तुमच्या कादंबरीत कुणीतरी विचारायला हवं. त्यांना वाट उघडी होती, त्यांनी ती स्वतःहून बंद केली. तोही परतीचाच प्रश्न आहे.

आणि बायका. तुम्ही लिहिलंय, ‘पुरुष जात राहिले, बायका मागे राहिल्या.’ तुमच्या पणजीचं माहेर कुठलं? घाटावरचं, पाचव्या कोसावरचं की खाडीपलीकडचं? तेराव्या-चौदाव्या वर्षी ती स्वतः गाव सोडून आली होती आणि तिला रजा, पगार, परतीचं तिकीट यातलं काहीच नव्हतं. ज्या बाईला माहेरी परतायला चार वर्षं लागली, तिनं मुलाच्या नावाची वाट ऐंशी वर्षं उघडी ठेवली. हे दोन धागे तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये असतील, शेजारी ठेवून बघा.

माझ्या आजीकडे मनीऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा एक बिस्किटांचा डबा होता. फॉर्मच्या खालचा मजकुराचा तुकडा पोस्टमन फाडून द्यायचा, वाचूनही तोच दाखवायचा. तीन बोटं रुंद कागद, त्यावर आजोबांचं जांभळ्या पेन्सिलीतलं अक्षर: ‘रु. १५ पाठविले. घर शाकारून घेणे. गाईस पेंड घालणे. शिमग्यास येतो.’ पुढच्या चिठ्ठीत ‘चतुर्थीस येतो.’ त्याच्या पुढच्या चिठ्ठीत पुन्हा शिमगा. आजीला वाचता येत नव्हतं, पण ‘येतो’ हा शब्द कुठे असतो ते तिला माहीत होतं. तो शब्द तिच्या अंगठ्यानं पुसट झालेला आहे. आपल्याकडे घरातून निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतंय हां’ म्हणतो. तुमच्या चारही पिढ्यांच्या निघण्याच्या प्रसंगांत मला कुठेच ‘येतंय’ दिसलं नाही. सगळे ‘निरोप घेतात’. ते बदला.

बोलीचं तेवढंच सांगते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, बोलणं मालवणीत, आणि मालवणी पिढीगणिक पातळ होऊ द्या. पणजी अस्सल बोलेल, आजोबांच्या तोंडी गिरणगावातलं हिंदी मिसळेल, वडील फोनवर मालवणी आणि समोर मराठी. तुम्ही स्वतः समजता पण बोलत नाही. समासात अर्थ देऊ नका, वाचक वाट काढतो. नावांचा घोळ होतोय कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. त्यावर वंशवृक्ष छापणं हा उपाय मला पटत नाही. तो तुमच्या भिंतीवर असू दे. पुस्तकात हाकेची नावं वापरा, आणि साल सांगायचं तर घरातली माणसं सांगतात तसं सांगा: प्लेगच्या साली, रामदास बुडाली त्या वर्षी, कोयनेच्या भूकंपाच्या हिवाळ्यात.

गावपळणीचं प्रकरण ठेवावं का असंही तुम्ही विचारलंय. आचरे, चिंदर, मुणगे या गावांत देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुरंढोरं, कोंबडी-कुत्री घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहतो आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच घरी येतो. सध्या ते प्रकरण पर्यटनाच्या माहितीसारखं आहे. तसंच राहणार असेल तर काढा. पण समजा, अशा गावी सोयरिकीला आलेली तुमची पणजी रिकाम्या घराकडे बघून विचारते की या तीन दिवसांत कुणी परदेशातून आला तर त्याला दार कोण उघडणार, तर ते एका ओळीसाठी ठेवा.

चुलते दुखावतील ही भीती खरी आहे. जिवंत माणसांची भांडणं नावगाव बदलूनही ओळखू येतात. मी छापण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते प्रकरण वाचून दाखवते. परवानगी म्हणून नव्हे, पण ऐकताना ते माणूस जिथे गप्प होतं तिथे मी काहीतरी चुकीचं किंवा फार खरं लिहिलेलं असतं. दोन्ही वेळा पुन्हा लिहावं लागतं.

यंदा चतुर्थीला घरी जाल तेव्हा मोठ्या आत्यांना ‘बोटीच्या प्रवासाबद्दल सांगा’ असं म्हणू नका. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो प्रश्न अकरा जणांना विचारला आहे आणि अकरा उत्तरं एकसारखी आहेत. देवगडला बोट लांब उभी राहायची, तिथून पडावात उतरून किनाऱ्याला यावं लागायचं. आत्यांना विचारा, पडावात त्यांना कुणी उचलून घेतलं, पाणी कुठपर्यंत होतं, आणि किनाऱ्यावर न्यायला कोण आलं होतं. मग रेकॉर्डर चालू ठेवा आणि त्या बोलेपर्यंत काही बोलू नका.